रेल्वे संग्रहालयातलं स्वयंसेवी काम आणि जुन्या गाड्यांची दुरुस्ती : अनुभव, प्रश्न, माहिती

पाऊलवाट

दर शनिवारी मी एका रेल्वे संग्रहालयात काम करायला जातो, त्याला आता चार वर्षं होतील. पगार नाही, सक्ती नाही. विपूतून (इथल्या खाजगी विचारपुशीतून) बऱ्याच जणांनी विचारलं की तिथे नेमकं काय करता, यंत्रांची माहिती नसेल तर घेतात का, किती वेळ द्यावा लागतो. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढतोय. तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर जरूर लिहा.

मी गेलो तेव्हा डोळ्यांसमोर फक्त इंजिन होतं, काळंभोर, वाफ सोडणारं. पहिल्या दिवशी हातात आला तारेचा ब्रश आणि गंजक्या बोल्टांनी भरलेला डबा. बोल्ट रॉकेलमध्ये भिजवायचा, घासायचा, नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का बघायचं, आटे गेले असतील तर वेगळा ठेवायचा. सहा शनिवार हेच. एवढे कष्ट कशाला, नवे बोल्ट का आणत नाहीत, असं तिसऱ्या शनिवारी मी विचारलंच. तेव्हा एकाने एक नवा बोल्ट माझ्या हातात दिला आणि जुन्या नटात घालायला सांगितला. दीडेक फेरा आत गेला आणि अडकला. ते इंजिन ब्रिटिश बनावटीचं, त्याचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, म्हणजे ५५ अंशांच्या कोनाचे. आजच्या मेट्रिक बोल्टाचे आटे ६० अंशांचे असतात. जोर लावला असता तर नटही गेला असता आणि बोल्टही. त्या दिवसापासून तो डबा मी मन लावून संपवला.

स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची सुरुवात कुठे झाली, हेही सांगतो. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक अरुंद रुळांची रेल्वे आहे, १८६० च्या दशकात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली. मालक वारल्यावर ती बंद पडणार होती. काही रेल्वेप्रेमींनी १९५० साली बर्मिंगहॅममध्ये सभा घेऊन संस्था काढली आणि मे १९५१ मध्ये स्वतः गाडी सोडली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. तेव्हा रूळ गवतात बुडालेले आणि स्लीपर कुजलेले होते. ती अजून चालते.

दुसरी गोष्ट बॅरीच्या भंगारवाड्याची. ब्रिटिश रेल्वेने १९६८ साली मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं बंद केली आणि शेकड्यांनी भंगारात काढली. दक्षिण वेल्समधल्या बॅरी गावच्या वुडहॅम बंधूंनी २९७ इंजिनं विकत घेतली होती, पण ते आधी मालगाड्यांचे डबे तोडत राहिले, कारण ते काम सोपं होतं. इंजिनं वर्षानुवर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. तेवढ्या काळात लोकांनी वर्गण्या काढून त्यातली २१३ सोडवून नेली. तिथे आज जी जुनी इंजिनं धावताना दिसतात, त्यांतली कितीतरी याच वाड्यातली आहेत. तांब्यापितळेचे भाग कधीच निघून गेलेले, पाण्याच्या टाक्यांची चाळण झालेली, अशा अवस्थेतून ती उभी केली, आणि बहुतेक काम सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या माणसांनी केलं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण नव्याने जाणाऱ्याला तिचा उपयोग होईल.

दुसऱ्या वर्षी मला एका लाकडी डब्याचा दरवाजा दिला. वरचा तपकिरी रंग पोपडे धरून सुटत होता. मी उत्साहाच्या भरात एका दिवसात तो खरवडून, काचपेपर मारून स्वच्छ केला. आतून सुंदर सागवान निघालं. संध्याकाळी आमच्यातले सगळ्यात जुने सुतार आले, दरवाजाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता मला शेजारच्या दरवाजाशी घेऊन गेले. तिथे त्यांनी नाण्याएवढ्या जागेवर बारीक ओला काचपेपर गोल गोल फिरवला. मध्यभागी जास्त, कडेला कमी. दहा मिनिटांत झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसायला लागली. बाहेर तपकिरी, मग हिरवा, मग राखाडी अस्तर, मग पिवळसर पांढरा, त्याखाली गडद लाल, आणि अगदी मध्ये, लाकडाला चिकटून, नखाएवढी सोनेरी रेघ. दरवाजावर डब्याच्या वर्गाचा आकडा सोनेरी रंगात काढायची पद्धत होती. त्या बाजूला चार दरवाजे. बाकीचे दोन पुढे कधीतरी बदललेले निघाले. या दरवाजावर आकड्याचा फक्त खालचा काठ उरला होता. पूर्ण आकडा असण्याची शक्यता होती ती मी घासलेल्या दरवाजावर.

डबा आता रंगून झाला आहे, पण आकड्याची जागा रिकामी ठेवली आहे. तसा आकडा साधारण कसा असे हे आम्हाला माहीत आहे, तरी या डब्यावर तो नेमका कसा होता ते माहीत नाही. पुराव्यानिशी कळेपर्यंत तिथे कुंचला लागणार नाही.

बकुळ

फार मनापासून लिहिलंय तुम्ही. दरवाजाचं वाचून वाईट वाटलं, पण सांगितलंत ते बरं केलंत.

माझा प्रश्न साधा आहे. मी निवृत्त आहे. यंत्रातलं काही कळत नाही, पाना कसा धरायचा इथपासून सुरुवात. विणकाम, शिवणकाम उत्तम येतं. लहानपणापासून गाडीची शिट्टी ऐकली की दारात धावत जाणाऱ्यांपैकी मी. अशा बाईला तिथे काही काम असतं का, की नुसती तिकिटं फाडायची?

पाऊलवाट

बकुळताई, तिकीट खिडकीला कमी लेखू नका, शनिवारी तिथे माणूस नसला की संग्रहालय उघडतच नाही. पण शिवणकाम येत असेल तर लगेच या. बैठकांची खोळ, खिडकीचे पट्टे, डब्यांमधल्या जोडमार्गाचा भाता, सगळं शिवावं लागतं. विणकामाबद्दल मला नक्की माहीत नाही, जुना_फिटर सांगतील.

जुना_फिटर

बकुळताई, लोकर हाताळणारी माणसं आम्हाला हवीच असतात. का ते सविस्तर सांगतो.

इंजिनाच्या हलत्या भागांना तेल पोचवायला पितळेच्या किंवा लोखंडाच्या छोट्या कुप्या असतात. कुपीच्या मध्ये एक उभी नळी, तिचं वरचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर, खालचं थेट बेअरिंगवर, म्हणजे फिरता दांडा ज्यावर टेकतो त्या भागावर. या नळीत लोकरीची वात घालतात. लोकरीचे काही धागे तारेच्या आकड्यात अडकवायचे, एक टोक तेलात सोडायचं, दुसरं नळीत खाली. समईच्या वातीत तेल चढतं तसं ते लोकरीतून वर चढतं आणि नळीतून थेंब थेंब उतरतं. थेंब किती पडावेत ते धाग्यांच्या संख्येवर. कमी पडले तर बेअरिंग तापतं, त्यातला पांढरा धातू वितळून वाहतो आणि गाडी तिथेच थांबते. जास्त पडले तर कुपी अर्ध्या वाटेत रिकामी होते, म्हणजे पुन्हा तेच.

वाती दोन प्रकारच्या. वर सांगितली ती शेपटीची वात, ती गाडी उभी असतानाही तेल ओढत राहते, म्हणून दिवस संपला की उचलून ठेवायची. कनेक्टिंग रॉडसारख्या (चाकं फिरवणाऱ्या दांड्यासारख्या) फिरत्या भागावर मात्र बुचासारखी वात असते, तारेवर लोकर गुंडाळून नळीत बसवलेली. रॉड फिरताना कुपीतलं तेल उसळून नळीच्या तोंडावर पडतं आणि वातीतून झिरपतं. गाडी थांबली की तेल थांबलं. ही वात घट्ट झाली तर तेल उतरत नाही, सैल झाली तर भडाभडा जातं. बोटांना ताण कळायला हवा, आणि विणणाऱ्या माणसाला तो कळतो. मी चाळीस वर्षं पाने फिरवले, तरी माझ्या वाती कधीच एकसारख्या झाल्या नाहीत.

एक मात्र पाळा. लोकर खरी हवी. कृत्रिम धागा तापलेल्या भागाजवळ वितळतो.

चौकट

धागा आवडला, तरी एक विरोधी मत मांडतो. ही इंजिनं चालवायचीच कशाला?

वस्तुसंग्रहालयातल्या तलवारीने आपण भाजी चिरत नाही. इंजिन चालवलं की ते झिजतं. झिजलं की भाग बदलतो. दर मोठ्या दुरुस्तीत नवा पत्रा, नव्या नळ्या, नवे स्टे (बॉयलरच्या भिंतींना धरून ठेवणारे दांडे). ब्रिटनचं प्रसिद्ध इंजिन फ्लाइंग स्कॉट्समन १९२३ सालचं, पण २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं चाललेली त्याची दुरुस्ती धरली, तर त्यातलं मूळ धातू किती उरलं असेल?

उलट स्टीफन्सन यांचं रॉकेट बघा. १८२९ साली इंग्लंडमधली रेनहिलची चाचणी, म्हणजे इंजिनांची स्पर्धा, जिंकलेलं इंजिन. आज आहे ते चाचणीच्या दिवशीसारखं दिसतही नाही. त्याचे तिरके सिलिंडर पुढे जवळजवळ आडवे केले गेले, इतरही बरंच बदललं. कुणी ते पुन्हा १८२९ सारखं करायला गेलं असतं तर त्याच्या कामाच्या वर्षांचा पुरावा पुसला गेला असता. ते आहे तसं ठेवलं, आणि चालवून दाखवण्यासाठी १९७९ साली वेगळी प्रतिकृती बांधली. मला हाच मार्ग योग्य वाटतो. तुमच्या दरवाजाची गोष्टसुद्धा हेच सांगते, पाऊलवाट.

पाऊलवाट

चौकट, रॉकेटबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत. एकमेव असलेली वस्तू चालवू नये. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ सालची व्हेनिसची सनद आहे. अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, असं तीत म्हटलंय. आमच्या सुतारकाकांनी ती सनद वाचली असेल असं वाटत नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला तेच शिकवलं.

पण सगळ्या गाड्यांना तो नियम लावता येईल का? माझं उत्तर नाही असं आहे. गाडी थांबली की तिच्याबरोबर तिचं कामही थांबतं. आग कशी पसरवायची, चढ यायच्या किती आधी कोळसा घालायचा, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर पाणी धरत नसेल तर कानाला ते कसं कळतं, हे आराखड्यात नसतं. ब्रिटनमधल्या टोर्नेडो इंजिनाचं उदाहरण घ्या. त्या जातीची ४९ इंजिनं होती, सगळी तोडली गेली, एकही उरलं नव्हतं. उत्साही लोकांनी पैसे जमवून १९९४ साली नवंच बांधायला घेतलं आणि २००८ साली ते धावलं. मूळ आराखडे बरेचसे मिळाले, पण बॉयलर बांधून घ्यायला जर्मनीत माइनिंगेनला जावं लागलं, कारण वाफेच्या इंजिनांचं काम करणारा कारखाना तिथे अजून सुरू होता. म्हणजे कागद सापडले तरी करणारे हात कुठेतरी चालू असावे लागतात.

चौकट

हा मुद्दा मान्य. पण मग निदान काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा. बदलला म्हणून फेकू नका, आणि नव्या भागावर वर्ष कोरा. शंभर वर्षांनी बघणाऱ्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळलं पाहिजे.

जुना_फिटर

चौकट, हे आमच्याकडे होतं, आणि व्हायलाच हवं. बदललेल्या पत्र्यावर आम्ही वर्षाचा ठसा मारतो.

चालवण्याचा विषय निघालाच आहे तर बॉयलरबद्दल लिहितो. इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. नवीन मुलं येतात, त्यांना शिट्टी वाजवायची असते, आग पेटवायची असते. मी त्यांना आधी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर उभं करतो.

फायरबॉक्स म्हणजे बॉयलरच्या आतली भट्टी. तिच्या छताखाली आग असते आणि वर पाणी. पाणी आहे तोवर लोखंड सुरक्षित, कारण पाणी उष्णता ओढून घेतं. पातळी छताच्या खाली गेली की काही मिनिटांत तो पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेचा दाब त्याला खाली ढकलतो. पत्रा फाटला तर बॉयलरमधल्या तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. १६ जून १९९५ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गच्या पर्यटक गाडीच्या इंजिनात हेच झालं, तिघे कर्मचारी भाजले. पाणी कमी झालं होतं आणि पातळी दाखवणाऱ्या काचेची नळी क्षाराने चोंदली होती, म्हणजे काच खोटं सांगत होती. त्यानंतर तिकडचे नियम नव्याने लिहिले गेले. आता तिथे बॉयलर १४७२ दिवस वाफेवर राहिला किंवा १५ वर्षं झाली, जे आधी होईल तेव्हा, तो पूर्ण उघडून तपासावा लागतो. दाब धरलेला एकेक दिवस मोजतात.

म्हणून काच नुसती बघायची नाही, तिचा कॉक उघडून पाणी जोरात वाहू द्यायचं, बंद केल्यावर पातळी झटकन परत येते का बघायचं. रेंगाळत आली तर नळी चोंदलीय. दोन काचा असतील तर दोन्ही ताडून बघायच्या. त्याखेरीज छतात शिशाचे प्लग असतात, पाणी गेलं की ते वितळून वाफ आगीवर सोडतात. पण ते शेवटची सूचना देण्यापुरते. त्यांच्या भरवशावर राहायचं नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट, मला फार आवडणारी. फायरबॉक्सची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टेंनी एकमेकींना धरलेली असते. त्यातल्या कित्येक स्टेंच्या बाहेरच्या टोकाला पेन्सिलच्या शिशाएवढं छिद्र पाडलेलं असतं. स्टे आतून मोडला की त्या छिद्रातून पाण्याची बारीक धार लागते, आणि आत न शिरता कळतं की कुठला गेला. नवख्यांना ती गळती वाटते आणि ते छिद्र बुजवायला निघतात. एकाला मी खिळा आणि हातोडी घेऊन शिडीवर चढलेला पकडलाय. ती छिद्रं आम्ही मुद्दाम तारेने साफ ठेवतो.

अनुस्वार

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, गाड्यांचा भयंकर नाद. त्याला पाठवता येईल का? धोका किती? घरचे बॉयलरचं वाचून घाबरलेत.

पाऊलवाट

अनुस्वार, बहुतेक ठिकाणी सज्ञान होईपर्यंत इंजिनावर, लेथवर किंवा चालू रुळांवर काम देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण पितळ घासणं, सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधणं, फोटो काढणं, सिग्नलच्या तारांच्या कप्प्यांना ग्रीस लावणं हे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करता येतं. जाण्याआधी त्यांच्या नियमांची चौकशी करा.

बॉयलरपेक्षा मला दुसऱ्या दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते, कारण त्या दिसत नाहीत. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडा काचपेपर मारायचा नाही, ओला वापरायचा, मास्क लावायचा, जेवणाआधी हात धुवायचे. (मी तो दरवाजा कोरडा घासला होता. ती माझी दुसरी चूक.) आणि बॉयलरच्या वेष्टनात, जुन्या डब्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटिश रेल्वेच्या मार्क-१ डब्यांमध्ये तर निळं ॲस्बेस्टॉस फवारलेलं होतं. कापसासारखं काही दिसलं तर हात न लावता बाहेर यायचं आणि परवानाधारक लोकांना बोलवायचं. जिथे हे पहिल्याच दिवशी सांगत नाहीत, तिथे मुलाला ठेवू नका.

कागदपत्र

मी अशाच एका संग्रहालयाच्या दप्तरखान्यात काम करते, म्हणून माझी बाजू मांडते. आमच्याकडे कुणी फिरकत नाही, सगळ्यांना इंजिनाशेजारी उभं राहायचं असतं! पण पाऊलवाट, तुमच्या सोनेरी आकड्याचं उत्तर कागदांत असू शकतं. कारखान्यांची रंगकामाची पत्रकं असायची, त्यात अक्षरांची उंची, कडेच्या रेघेची जाडी, वर्गाच्या आकड्याचं दारापासूनचं अंतर, सगळं लिहिलेलं असे. डब्याचा कारखान्याचा क्रमांक आहे का? बहुतेक चासीच्या पट्टीवर ठोकलेला असतो. तो आणि बांधणीचं वर्ष पाठवा, आमच्याकडच्या नोंदींशी ताडून बघते. फोटोवर भिस्त ठेवू नका. कृष्णधवल फोटोत लाल रंग काळा दिसतो, कधी पिवळा रंगही काळाच दिसतो, फोटो कुठल्या प्रकारच्या काचेच्या प्लेटवर घेतलाय त्यावर अवलंबून.

आणि सगळ्यांना एक विनंती. जुन्या फिटरांसारख्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करा. वातीबद्दल त्यांनी वर जे लिहिलंय ते कुठल्या ना कुठल्या नियमावलीत असेल, पण विणणाऱ्याच्या बोटांना ताण कळतो हे कुठल्याच नियमावलीत नाही.

पाऊलवाट

कागदपत्रताई, क्रमांक शनिवारी बघून कळवतो. चासीवर डांबराचा जाड थर आहे, तो काढावा लागेल. या वेळी हळू काढतो.

चौकट

वर राहून गेलं ते लिहितो. उभ्या असलेल्या इंजिनाची निगा हेही काम आहे, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. अमेरिकेचं ४०१४ क्रमांकाचं बिग बॉय हे वाफेचं महाकाय इंजिन घ्या. १९४१ साली बनलेलं, तशी २५ बनली, ८ उरली. १९६० च्या दशकापासून ते कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या संग्रहालयात उघड्यावर उभं होतं. २०१३ साली युनियन पॅसिफिक या मूळ मालक रेल्वे कंपनीने ते परत घेतलं आणि मे २०१९ मध्ये ते धावलं. मधली पन्नास वर्षं तिथल्या रेल्वेप्रेमींनी त्याला जपलं नसतं तर दुरुस्तीला काही उरलं नसतं. ते पुन्हा धावेल असं त्यांच्यापैकी कितीजणांना वाटलं असेल?

बकुळ

तीन आठवड्यांनी लिहितेय. मी जाऊन आले, तीनही शनिवार.

पहिल्या दिवशी बैठकांच्या खोळी उसवल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीने मला तेलाच्या कुपीचं झाकण उघडून दाखवलं. आतली जुनी वात काळी, चिकट आणि दाबून नमद्यासारखी झालेली. ती मी न कापता सोडवली, धागे मोजले, लांबी लिहून घेतली (पाऊलवाट, तुमचा दरवाजा आठवला). आठ धागे होते. फिटरकाका म्हणाले तशी खरी लोकर घेतली, तार वाकवली, शेपटीचं टोक नळीच्या खालपर्यंत जाईल इतकं ठेवलं आणि ती चोवीस तास तेलात भिजत घातली. कोरडी घातली तर सुरुवातीला तेल ओढत नाही, असं त्या मुलीने सांगितलं.

काल इंजिन वाफेवर होतं. दोन फेऱ्यांनंतर मी त्या बेअरिंगवर हाताचा मागचा भाग टेकवला. कोमट होतं, नुकत्या उतरवलेल्या दुधाच्या पातेल्याइतकंही नाही. ड्रायव्हरने कुपी उघडली, तेल जवळजवळ संपलं होतं. म्हणून कुपी भरून एक धागा काढला, आता सात आहेत. पुढच्या दोन फेऱ्यांनंतर अर्धी कुपी शिल्लक होती आणि बेअरिंग तेवढंच कोमट. फिटरकाका, सात बरोबर आहेत का?

जुना_फिटर

बरोबर आहेत, ताई. सध्या सातच ठेवा आणि तुमच्या वहीत तारखेसकट लिहा. थंडी पडली की तेल दाट होतं, तेव्हा आठवा पुन्हा घाला.